वचनाची राखण

प्रत्येक समाज आपल्याजवळचे काहीतरी प्राणापलीकडे जपत असतो. कुणी वाडवडिलांची जमीन जपतो, कुणी कुळाचे नाव, कुणी पणजीच्या अंगावरचे सोने. आम्हा उत्तर कोकणातील ख्रिस्ती लोकांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला लाकडी क्रूस असतो. वाटण्या होताना जमिनीवरून आणि भांड्यांवरून बोलाचाली होतात, परंतु क्रूसाला कुणी तराजूत घालत नाही. यहुदी समाजाने जे जपले ते एक पुस्तक आहे. इसवी सन ७० मध्ये रोमन सैन्याने यरुशलेमचे मंदिर जाळले. वेदी गेली, यज्ञ थांबले, याजकांचे काम संपले, लोक देशोधडीला लागले. ज्या समाजाची सारी उपासना एका वास्तूभोवती गुंफलेली होती, तो समाज ती वास्तू पडताच नाहीसा व्हावयास हवा होता. तसे झाले नाही. कारण गुंडाळून काखेत घेऊन जाता येईल असे एक मंदिर त्याच्यापाशी शिल्लक होते.

ह्या गोष्टीचा विचार मी गेल्या काही वर्षांत पुष्कळ केला. त्याला कारण माझ्या आईचा आजार. त्याविषयी पुढे सांगेन. परंतु यहुदी लोकांच्या शास्त्रप्रेमाची पहिली ओळख मला पुस्तकातून झाली नाही. ती झाली ठाण्याच्या एका चाळीत, दाराच्या चौकटीवर.

माझ्या बालपणी आमच्या शेजारी एक बेने इस्राएल कुटुंब राहत असे. काका रेल्वेत कामाला होते. काकू नऊवारी नेसत आणि आमच्याच सारखी आंबट-तिखट कालवणे रांधत. बोलणे अस्सल मराठी. वेगळेपण दिसे ते एवढेच की शनिवारी त्यांच्या घरी चूल पेटत नसे आणि दारात शिरताना उजव्या हाताला, चौकटीवर, बोटभर लांबीची एक धातूची नळी बसवलेली होती. काका घराबाहेर पडताना आणि घरात येताना तिला बोटांनी स्पर्श करीत आणि ती बोटे ओठांना लावीत. घाईत असले तरी हा क्षण चुकत नसे. आम्ही मुले देवळात शिरताना तीर्थाच्या पाण्यात बोट बुडवून क्रूसाची खूण करतो, तसेच काहीसे हे असावे, असे मला वाटे. एकदा मी धीर करून विचारले, तेव्हा काका म्हणाले, "अरे बाळ, आत देवाची चिठ्ठी आहे. वडिलांचे पत्र आले की आपण ते जपून ठेवतो की नाही? हे तसेच."

त्या नळीला मेझुझा म्हणतात, हे मला पुढे कळले. आत चर्मपत्राची एक लहानशी गुंडाळी असते. तिच्यावर २२ ओळींत ७१३ हिब्रू अक्षरे हाताने लिहिलेली असतात. अनुवाद ह्या पुस्तकाच्या सहाव्या आणि अकराव्या अध्यायांतील दोन उतारे ते. देव एकच आहे, त्याच्यावर सर्व मनाने, सर्व जिवाने आणि सर्व शक्तीने प्रीती करावी, ही शिकवण मुलांना द्यावी. घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना तिच्याविषयी बोलावे आणि ती दारांच्या बाह्यांवर लिहावी, अशी ती आज्ञा आहे. यहुदी लोकांनी ह्या आज्ञेतील शब्दन्‌शब्द अक्षरशः पाळला. दाराला मेझुझा आली. हातावर आणि कपाळावर बांधावयाच्या चामड्याच्या पेट्या आल्या, ज्यांना तेफिलीन म्हणतात. आणि निजताना व उठताना म्हणावयाची 'श्मा' ही प्रार्थना आली. सर्वांत मोठी आज्ञा कोणती, असे एका शास्त्र्याने प्रभू येशूला विचारले तेव्हा प्रभूने उत्तरादाखल हीच 'श्मा' सांगितली, हे मार्कच्या शुभवर्तमानाचा बारावा अध्याय वाचणाऱ्यास ठाऊक आहे. नासरेथच्या घरी पवित्र मरियेने आणि योसेफाने बाळ येशूला बोबड्या बोलांत जी पहिली प्रार्थना शिकवली असेल, ती बहुधा हीच असावी.

पुढे मोठेपणी काकांबरोबर ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये जाण्याचा योग आला. 'शार हाशामाईम', म्हणजे स्वर्गाचे द्वार, असे त्याचे नाव. १८७९ साली ते बांधले गेले. आमच्या देवळात शिरल्यावर दृष्टी वेदीकडे आणि परमप्रसादाच्या पेटीकडे जाते. तेथे ती जाते पश्चिमेच्या भिंतीकडे, कारण आपल्या कोकणातून यरुशलेम पश्चिमेला आहे. त्या भिंतीत पडद्याआड एक कपाट असते. त्याला हेखाल म्हणतात. त्यात मूर्ती नसते, चित्र नसते. असतात त्या मोशेच्या पाच पुस्तकांच्या, म्हणजे तोराच्या, हस्तलिखित गुंडाळ्या. समोर अखंड दिवा. कपाट उघडले की सारी मंडळी उठून उभी राहतात. गुंडाळी बाहेर काढून मंडळीतून नेऊ लागले की लहानथोर पुढे सरतात आणि तिला स्पर्श करून बोटे ओठांना लावतात. आमच्याकडे परमप्रसादाच्या मिरवणुकीत जो भाव असतो, तोच भाव त्या दिवशी मी त्या चेहऱ्यांवर पाहिला.

ही गुंडाळी तयार होते कशी, हे ऐकले म्हणजे त्या भक्तीचे नवल वाटत नाही. ती छापून चालत नाही. शुद्ध मानलेल्या जनावराच्या कातड्याचे चर्मपत्र करावयाचे, त्यावर ओळी आखावयाच्या आणि पिसाच्या किंवा बोरूच्या लेखणीने काळ्या शाईत लिहावयाचे. लिहिणाऱ्याला सोफेर म्हणतात. त्याला सारी तोरा पाठ असली तरी स्मरणातून लिहिण्याची मुभा नाही. समोर प्रत ठेवून, प्रत्येक शब्द आधी तोंडाने उच्चारून मगच तो लिहावयाचा. परंपरेने मोजलेली अक्षरे ३,०४,८०५ आहेत. एवढे लिहावयास साधारण वर्षभर आणि पुष्कळदा त्याहूनही अधिक काळ लागतो. देवाचे नाव आले की सोफेर थांबतो, मन एकाग्र करतो आणि मगच लेखणी टेकवतो. इतर शब्दांत चूक झाली तर ती खरवडून दुरुस्त करता येते. देवाच्या नावात झाली तर ते नाव खोडता येत नाही, ते पानच बाजूला ठेवावे लागते. शेवटी सारी पाने जनावराच्या स्नायूच्या दोऱ्याने एकमेकांना शिवतात. एक अक्षर पुसले गेले किंवा दुसऱ्याला चिकटले तरी दुरुस्ती होईपर्यंत ती गुंडाळी उपासनेत वाचता येत नाही. तीन लाखांत एक अक्षर! परंतु ह्या लोकांचा हिशोब वेगळा आहे. ज्याच्या वचनावर जगावयाचे, त्याच्या बोलण्यातले कोणते अक्षर गाळावे?

वाचतानाही चर्मपत्राला बोट लागू देत नाहीत. टोकाला इवलासा हात असलेली चांदीची काडी ओळींवरून फिरवतात. लिखाणात स्वरचिन्हे नसतात, विरामचिन्हे नसतात, सुरावटीच्या खुणा नसतात. वाचणाऱ्याला हे सारे आधी घरी बसून तयार करावे लागते. आणि शेजारी उभा असलेला मनुष्य छापील प्रतीत पाहत राहून त्याची चूक तेथल्या तेथे सुधारतो. ज्याची चूक काढली तो रागावत नाही, शब्द पुन्हा म्हणतो. आपल्या देवळांत वाचन करणारा पुष्कळदा मिस्सा सुरू होण्यापूर्वी पाच मिनिटे आधी पुस्तक उघडतो, हे आठवून त्या दिवशी मी जरा अस्वस्थ झालो.

हे वाचन वर्षभर एका क्रमाने चालते. पाच पुस्तकांचे ५४ भाग पाडलेले आहेत. दर शब्बाथला एक भाग, क्वचित दोन. आणि सोमवारी व गुरुवारी त्याच भागाचा आरंभ वाचावयाचा. शब्बाथच्या वाचनाला सात जणांना पाळीपाळीने पाचारण होते. तोरानंतर संदेष्ट्यांच्या पुस्तकातील एक उतारा असतो. शरद ऋतूत 'सिमहाथ तोरा', म्हणजे तोराच्या आनंदाचा सण, येतो. त्या दिवशी मोशेच्या मृत्यूचा शेवटचा अध्याय वाचून होतो आणि त्याच दमात, क्षणाचीही उसंत न घेता, उत्पत्तीचा पहिला अध्याय सुरू होतो. गुंडाळ्या हाती घेऊन वयस्क माणसेही मुलांसारखी नाचतात. तोराचे शेवटचे अक्षर 'लामेद' आणि पहिले अक्षर 'बेथ'. ती दोन जोडली की हिब्रूत 'लेव', म्हणजे हृदय, हा शब्द होतो. वर्तुळाची दोन टोके जेथे मिळतात तेथे हृदय आहे, असे त्यांचे गुरू सांगतात.

लूकच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातील प्रसंग ह्या पार्श्वभूमीवर वाचून पाहावा. येशू आपल्या शिरस्त्याप्रमाणे शब्बाथच्या दिवशी सिनेगॉगमध्ये गेला, वाचावयास उभा राहिला, यशया संदेष्ट्याची गुंडाळी त्याच्या हाती दिली गेली, त्याने ती उलगडली, वाचली, पुन्हा गुंडाळून सेवकाकडे दिली आणि तो बसला. लूक एवढे बारकावे का सांगतो, असे मला पूर्वी वाटे. ठाण्याचे सिनेगॉग पाहिल्यावर वाटले नाही. ग्रंथ कसा हाती घ्यावा आणि कसा परत करावा, ह्यालाही त्या जगात अर्थ होता. आणि आपली मिस्सा तरी काय आहे? वाचने, स्तोत्र, शुभवर्तमान, प्रवचन हा तिचा पहिला भाग सिनेगॉगच्याच उपासनेतून वाढलेला आहे. शुभवर्तमानाच्या वेळी आपण उभे राहतो आणि धर्मगुरू ग्रंथाचे चुंबन घेतो, तेव्हा आपण त्याच जुन्या आदराचे वारसदार असतो.

आदर म्हणजे नुसती पूजा मात्र नव्हे. ग्रंथ मखरात ठेवून त्याला फुले वाहावी, एवढ्याने यहुदी परंपरेचे समाधान होत नाही. तेथे अभ्यास हीच उपासना. मध्ययुगात जर्मनी आणि फ्रान्सकडील यहुदी लोक लहान मुलाला प्रथम गुरूकडे नेत, तेव्हा पाटीवरील अक्षरांना मध लावून तो त्याला चाटावयास देत; शब्द गोड असतो, हे जिभेला आधी कळावे म्हणून. मोठी माणसे जोडीजोडीने बसून एका ओळीवर तासन्‌तास वाद घालतात. तालमूद हा त्यांचा थोर ग्रंथ म्हणजे अशा पिढ्यान्‌पिढ्यांच्या वादांची बखरच आहे, आणि त्यात हरलेल्या पक्षाचे मतही आदराने नोंदवून ठेवलेले असते. प्रश्न विचारणे म्हणजे अश्रद्धा, अशी तेथे समजूत नाही. वल्हांडणाच्या रात्री तर घरातील सर्वांत लहान मुलाने प्रश्न विचारल्यावाचून विधीचा मुख्य भाग सुरूच होत नाही.

येथे एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर हे लिहिणे अप्रामाणिक होईल. ज्या ग्रंथांवर ह्या लोकांनी एवढे प्रेम केले ते जाळण्याचे काम ख्रिस्ती हातांनीही केले आहे. पॅरिसमध्ये १२४२ च्या सुमारास तालमूदच्या हस्तलिखितांनी भरलेल्या चोवीस गाड्या भर चौकात जाळण्यात आल्या. छपाई नव्हती त्या काळात ती कित्येक माणसांची आयुष्ये होती. रोममध्ये १५५३ साली तेच घडले. ख्रिस्तसभेने ह्या वृत्तीकडे पाठ फिरवली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी प्रसिद्ध झालेल्या 'नोस्त्रा एताते' ह्या घोषणापत्राने यहुदी लोकांशी असलेले आपले आध्यात्मिक नाते स्पष्ट शब्दांत मान्य केले आणि त्यांच्याविषयीच्या द्वेषाचा धिक्कार केला. संत जॉन पॉल दुसरे १३ एप्रिल १९८६ रोजी रोमच्या सिनेगॉगमध्ये गेले आणि पुढे २००० सालच्या मार्चमध्ये यरुशलेमच्या पश्चिम भिंतीपाशी उभे राहिले. दाराला एकदा आग लावल्यावर त्याच दारावर थाप मारावयास धैर्य लागते. ते धैर्य आपल्या ख्रिस्तसभेने दाखवले, ह्याचा मला अभिमान आहे.

जीर्ण झालेल्या ग्रंथाचे यहुदी लोक काय करतात? ते तो फेकत नाहीत आणि जाळतही नाहीत. ज्या कागदावर देवाचे नाव आहे त्याला माणसासारखीच मूठमाती देतात. मूठमाती देईपर्यंत हे कागद सिनेगॉगमधल्या एका कोठडीत साठवून ठेवतात. तिला गेनिझा म्हणतात. जुन्या कैरोतील बेन एज्रा सिनेगॉगची अशी कोठडी शेकडो वर्षे भरत राहिली. १८९६ साली ॲग्नेस लुईस आणि मार्गारेट गिब्सन ह्या विदुषी जुळ्या बहिणींनी प्रवासातून आणलेले एक हस्तलिखित पान केंब्रिजच्या सॉलोमन शेख्टर ह्यांनी पाहिले आणि ते थक्क झाले. ते बेनसिराच्या पुस्तकाचे हिब्रू पान होते. शेख्टर कैरोला गेले आणि सुमारे १,९३,००० तुकडे केंब्रिजला घेऊन आले. त्यांत प्रार्थना होत्या, करारपत्रे होती, व्यापाऱ्यांची पत्रे होती. बाराव्या शतकात आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर, मंगळूरला, राहून व्यापार करणाऱ्या अब्राहम बेन यिजू नावाच्या यहुदी गृहस्थाचे कागदही होते. बेनसिराच्या त्या पानाचे मोल मात्र आपणा कॅथलिकांना अधिक. हे पुस्तक यहुदी लोकांच्या शास्त्रात नाही. ते आपल्या बायबलमध्ये आहे. त्याचे मूळ हिब्रू सुमारे हजार वर्षे हरवलेले होते आणि ग्रीक भाषांतरावर जग चालले होते. जे पुस्तक त्यांनी शास्त्र म्हणून स्वीकारले नाही, त्याचेही पान त्यांनी फेकले नाही. आणि त्या जपणुकीमुळे आपले एक पुस्तक आपल्याला आपल्या मूळ शब्दांत परत मिळाले. ह्याहून मोठी शेजारधर्माची गोष्ट मला ठाऊक नाही.

ग्रंथाला माणसासारखे मानणारी ही परंपरा गेल्या शतकात भयंकर कसोटीला लागली. नाझींच्या ताब्यातील बोहेमिया आणि मोराविया प्रांतांतून ओस पडलेल्या सिनेगॉगांच्या वस्तू १९४२ साली प्रागच्या यहुदी संग्रहालयात जमा करण्यात आल्या. त्यांची नोंद यहुदी कर्मचाऱ्यांनीच चिठ्ठ्या लावून केली आणि त्यांतील बहुतेक माणसे पुढे छळछावण्यांत मारली गेली. गुंडाळ्या उरल्या, वाचणारे उरले नाहीत. ५ फेब्रुवारी १९६४ रोजी त्यांतील १,५६४ गुंडाळ्या लंडनच्या वेस्टमिन्स्टर सिनेगॉगमध्ये पोचल्या. सोफेरने वर्षानुवर्षे बसून त्या तपासल्या, ज्या दुरुस्त होण्याजोग्या होत्या त्या दुरुस्त केल्या, आणि मग त्या जगभरातील मंडळ्यांकडे सांभाळावयास दिल्या गेल्या. एखाद्या अनाथ मुलाला घर शोधून द्यावे, तसे.

परंतु ग्रंथच हातून गेला तर? ह्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी परदेशी जाण्याचे कारण नाही. ते आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर आहे.

बेने इस्राएल लोक आपली हकिकत अशी सांगतात की त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. ग्रंथ समुद्रात गेले. पुढे शतकानुशतके ही माणसे कोकणातील खेड्यांत तेलाचे घाणे चालवीत राहिली. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. दिवे गावचे ते दिवेकर, किहीमचे ते किहीमकर, पेणचे ते पेणकर झाले. हिब्रू विसरली. सणांची नावे विसरली. उरले काय? सुंता, शब्बाथ, खाण्यापिण्याचे नियम आणि एक प्रार्थना: 'श्मा'. मूल जन्मले तर श्मा, लग्न लागले तर श्मा, माणूस गेला तर श्मा. डेव्हिड राहाबी नावाचा एक विद्वान यहुदी ह्या लोकांत आला, तेव्हा त्याने बायांपुढे निरनिराळी मासळी ठेवली, अशी आख्यायिका आहे. बायांनी खवले आणि पर असलेली मासळी रांधावयास घेतली व बाकीची बाजूला सारली. हे आपलेच लोक, हे त्याने त्यावरून ओळखले. ग्रंथ बुडाला होता. पण तो चुलीपाशी आणि जिभेवर जिवंत राहिला होता.

अशा लोकांच्या हाती पुन्हा पुस्तक आले, तेव्हा त्यांनी ते कसे कवटाळले असेल! १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर ह्यांनी मुंबईत त्यांचे पहिले सिनेगॉग बांधले. १८४६ साली वल्हांडणाचा विधी सांगणारी हागादा मुंबईत मराठी भाषांतरासह निघाली, आणि १८७४ साली पुण्यात निघालेल्या हागादेच्या चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका चक्क लुगडी नेसलेल्या आहेत. पुढे त्यांनी बायबलमधील आख्याने मराठी कीर्तनात बांधली. आपल्या रायतूरच्या फादर स्टीफन्स ह्यांनी १६१६ साली क्रिस्तपुराण छापून जे केले, त्याच जातीची ही गोष्ट. ज्या भाषेत आई अंगाई गाते, त्या भाषेत देवाचा शब्द ऐकल्यावाचून माणसाचे पोट भरत नाही.

आता आईविषयी. ती शाळेत शिक्षिका होती आणि रविवारी चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण देत असे. तिचे स्मरण जाऊ लागले तेव्हा आधी वस्तू गेल्या, मग नावे गेली, मग माणसे गेली. शेवटच्या दोन वर्षांत ती मला 'तुम्ही' म्हणत असे. बँकेतून कुणी साहेब आले आहेत, अशी तिची समजूत होई. ज्या आईने आपल्याला 'तू' म्हणून वाढवले तिच्या तोंडी 'तुम्ही' ऐकणे म्हणजे काय, हे ज्याने ऐकले त्यालाच कळेल. एका संध्याकाळी ती फार अस्वस्थ होती. मला माझ्या घरी पोचवा, असा धोशा तिने लावला होता. काय करावे सुचेना, म्हणून मी मेंढपाळाचे ते तेविसावे स्तोत्र म्हणावयास सुरुवात केली. पहिली ओळ माझी झाली. दुसरी तिने म्हटली. तिसरीही तिनेच. मी अडखळलो तेव्हा तिने वर्गात चुकवतात तशी माझी चूक सुधारली आणि शेवटपर्यंत पोचून ती शांत झाली. माझे नाव तिला त्या रात्रीही आठवले नाही.

त्या रात्री मला नवगावचे ते फुटलेले गलबत आठवले. आईच्या मनाचेही तसेच झाले होते. सारे सामान बुडाले होते. परंतु लहानपणी तोंडपाठ केलेले एक वचन लाटांवरून तरून किनाऱ्याला लागले होते. श्मा जिभेवर का ठेवावी, निजताना आणि उठताना का म्हणावी, हे मला तेव्हा समजले. चांगल्या दिवसांत ती आपण सांभाळतो. वाईट दिवस आले की ती आपल्याला सांभाळते. त्यानंतर दररोज संध्याकाळी आम्ही दोघे ते स्तोत्र म्हणत असू. एकमेकांशी बोलण्याची आमच्याकडे तेवढीच भाषा उरली होती आणि ती पुरेशी होती.

ह्याच सुमारास आमची जुनी इमारत पाडून नवी बांधावयाचे ठरले आणि घर रिकामे करावे लागले. सामान लावताना आईचे बायबल निघाले. पुठ्ठा सुटलेला, पानांना कसर लागलेली, समासात पेन्सिलीने लिहिलेल्या तारखा: माझ्या भावाचा जन्म, वडिलांचे ऑपरेशन, माझी परीक्षा. ज्या दिवशी जे वचन तिला आधाराला आले त्या दिवसाची तारीख त्या ओळीपाशी. घरातील तरुण मंडळींनी ते जुन्या वह्यांबरोबर रद्दीच्या गठ्ठ्यात ठेवले होते. त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. नवी प्रत घरात होतीच आणि त्यांच्या दृष्टीने मजकूर तोच होता. मी ते गठ्ठ्यातून काढून घेतले, तेव्हा धाकट्या पुतणीने विचारले, "ह्याचे आता काय करणार?" मी तिला कैरोच्या कोठडीची गोष्ट सांगितली. गेल्या वर्षी उपवासकाळात आई वारली, तेव्हा आमच्या धर्मगुरूंची अनुमती घेऊन ते बायबल शवपेटीत तिच्या हाताखाली ठेवले. ठेवताना पुढे आली ती पुतणीच.

आपल्या ख्रिस्तसभेने देवशब्दाला कमी लेखले आहे, असे नाही. 'देई वर्बुम' ह्या परिषदेच्या संविधानात, म्हणजे १९६५ मध्येच, ख्रिस्तसभा प्रभूच्या शरीराप्रमाणेच धर्मग्रंथाचाही आदर करीत आली आहे, अशा आशयाचे वचन आहे. १९६९ च्या नव्या वाचनमालेने तीन वर्षांच्या चक्रात बायबलचे पुष्कळ मोठे दालन आपल्यासाठी उघडले. पोप फ्रान्सिस ह्यांनी सप्टेंबर २०१९ मध्ये सामान्यकाळातील तिसरा रविवार देवशब्दाचा रविवार म्हणून नेमून दिला. दार उघडे आहे. प्रश्न आहे तो चौकट ओलांडण्याचा. आपल्या घरांत बायबल असते, परंतु पुष्कळदा ते शोकेसमध्ये, लग्नाच्या फोटोशेजारी असते. रोझरी आपण टिकवली आहे, आणि तिच्या रहस्यांत शुभवर्तमानच गुंफलेले आहे. मग त्या रहस्यांचा उगम असलेले पान उघडावयास आपल्याला संकोच का वाटावा?

आमच्या घरी आता एक लहानसा नेम ठेवला आहे. शनिवारी संध्याकाळी, रोझरीनंतर, दुसऱ्या दिवशीच्या मिस्सेचे पहिले वाचन एकाने मोठ्याने वाचावयाचे. बहुतेक रविवारी ते जुन्या करारातील असते. वाचणारा आधी एकदा मनातल्या मनात वाचून घेतो. चुकला तर दुसरा हळूच सुधारतो. वाचन झाल्यावर सर्वांत लहान असेल त्याने प्रश्न विचारावयाचा आणि तो कितीही अडचणीचा असला तरी हसण्यावारी न्यावयाचा नाही. मागल्या शनिवारी माझ्या सात वर्षांच्या नातवाने विचारले, "देवाला एकदा सांगितलेले कळते, तर तो आपल्याला तेच तेच पुन्हा का सांगतो?" सून उत्तर द्यावयास निघाली होती, मी तिला खुणेने थांबवले. पुतणी म्हणाली, "आपण विसरतो म्हणून." नातवाचे त्याने समाधान झाले नाही. पुढच्या शनिवारी पुन्हा विचारीन, असे सांगून तो निजावयास गेला.